कोयता गेला, मत राहिलें

निवडणूक झाली आणि मतदानाचे आंकडे बाहेर पडले म्हणजे शहाण्यासुरत्या मंडळींचा एक ठरलेला शेरा ऐकूं येतो. खेड्यांतला गरीब माणूस अडाणी, त्याला मताची किंमत कळत नाहीं, त्या दिवशीं तो घरीं पाय पसरून निजतो किंवा कोणाच्या तरी बाटलीला भुलतो, असा त्या शेऱ्याचा मतलब. शेरा मारणारा बहुधा खुर्चींत बसलेला असतो आणि ज्याच्यावर तो मारला जातो तो त्याच वेळीं उसाच्या फडांत वाकलेला असतो. वाकलेल्या माणसाला उत्तर द्यायला सवड नाहीं, म्हणून आज तें काम आम्ही अंगावर घेतों.

प्रथम आळसाचा आरोप पाहूं. २० नोव्हेंबर २०२४ रोजीं महाराष्ट्र विधानसभेचें मतदान झालें. सबंध राज्यांत शंभरांपैकीं सुमारें ६६ मतदारांनीं मत दिलें. ज्या कुलाबा मतदारसंघांत विधानभवन उभें आहे, जेथें घराच्या दारापासून केंद्राच्या दारापर्यंत डांबरी रस्ता आहे, तेथें निम्म्या लोकांनींही मत दिलें नाहीं. आणि गडचिरोली जिल्ह्यांत, जेथें माणसें रानवाटेनें पायपीट करीत केंद्रावर येतात, तेथें आंकडा सत्तरीच्या पुढें गेला. कुलाब्यांतही कोळी आहेत, झोपड्या आहेत, सगळेच कांहीं बंगलेवाले नव्हेत हें आम्ही जाणतों. तरीपण आळस हा गरिबाचाच रोग आहे म्हणणाऱ्यानें हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं मांडून पाहावे.

मग गरीब माणूस मत देत नाहीं हें अगदींच खोटें काय? नाहीं, तेंही खरें आहे. पण तो कोणता गरीब? जो आपल्या गांवीं, आपल्या घरीं आहे तो बहुधा मत देतो. रांगेंत उभा राहून, उन्हांत तापून देतो. जो देत नाहीं तो बहुतेक वेळां गांवांतच नसतो. त्याचें नांव एका जागीं आणि पोट दुसऱ्या जागीं. आमच्या कायद्यानें मत घराला बांधलें आहे आणि आमच्या दारिद्र्यानें त्याच माणसाचें घर गाडीच्या साट्यावर चढविलें आहे. सगळी गोम येथें आहे.

आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, पाथर्डी या मुलखांतील वाचकांना ऊसतोडीविषयीं आम्ही काय सांगावें! पण ज्यांनीं साखर फक्त चहांत पाहिली आहे त्यांच्यासाठीं थोडें लिहितों. पावसाळ्यांतच मुकादम उचल देऊन ठेवतो. ती उचल लग्नांत, दवाखान्यांत, बियाण्यांत, जुन्या देण्यांत केव्हांच विरून जाते. दिवाळी झाली कीं टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा असेल तर अर्धा कोयता. म्हणजे हिशेबाच्या वहींत दोन मतदारांचा मिळून एक कोयता होतो! कोणी कोल्हापूर-सांगलीकडे जातो, कोणी सातारा-पुणे-सोलापुराकडे, कोणी थेट कर्नाटकांत. चार-सहा महिने पाचटाच्या कोपींत संसार. रात्रीं गाडी भरायला बोलावणें आलें तर रात्रीं उठावें, पहांटे पुन्हां फडांत उतरावें. बाई फडांतही राबते आणि चुलीपुढेंही. अशा माणसांची नीट शिरगणती कोणी केलेली नाहीं; अंदाज करणारे दहा लाखांच्या पुढचा आंकडा सांगतात.

आतां तारखा पाहा. २००९ सालीं विधानसभेचें मतदान १३ ऑक्टोबरला झालें, २०१४ सालीं १५ ऑक्टोबरला, २०१९ सालीं २१ ऑक्टोबरला. तिन्ही वेळां दिवाळी पुढें होती आणि टोळ्या गांवांत होत्या. लोकसभेचें मतदान उन्हाळ्यांत येतें. बीडला २०२४ सालीं तें १३ मे रोजीं झालें, तोंवर बहुतेक टोळ्या परतलेल्या असतात. पण २०२४ ची विधानसभा २० नोव्हेंबरला आली. त्या सालीं भाऊबीज ३ नोव्हेंबरला होऊन गेली होती. मधले सतरा दिवस! या सतरा दिवसांत गांवच्या गांव रिकामें होतें. म्हातारीं राहतात, लहान पोरें राहतात, कुत्रीं राहतात. बीड जिल्ह्यांतील एखाद्या तांड्यावर किंवा वस्तीवर त्या दिवशीं जो गेला असेल त्याला दारांचीं कुलुपें मोजतां आलीं असतील.

ही तारीख आकाशांतून पडली नव्हती. आधींच्या तिन्ही खेपांना महाराष्ट्र आणि हरियाणा यांचें मतदान एकाच दिवशीं झालें होतें. २०२४ सालीं हरियाणाचें ऑक्टोबरच्या आरंभीं उरकलें आणि महाराष्ट्र मागें राहिला. १६ ऑगस्ट २०२४ रोजीं मुख्य निवडणूक आयुक्तांनीं त्याचीं कारणें सांगितलीं: पाऊस झाला, यादीचें काम व्हावयाचें आहे, आणि पुढें गणेशोत्सव, पितृपक्ष, नवरात्र, दिवाळी हे दिवस आहेत. सण मोजले हें बरेंच केलें, सण आमचेही आहेत. पितृपक्षसुद्धां मोजला, मेलेल्या वाडवडिलांची सोय पाहिली गेली. जिवंत तोडकऱ्याचा प्रस्थानाचा मुहूर्त मात्र कोणत्याच पंचांगांत सांपडला नाहीं.

विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबरला संपत होती, तेव्हां त्याआधीं मतदान होणें भागच होतें. पण दिवाळीच्या आधीं कीं नंतर, एवढें ठरविणें माणसाच्या हातीं होतें. अमेरिकेचें उदाहरण घ्या. तेथें अध्यक्षाची निवडणूक नोव्हेंबरांतील पहिल्या सोमवारानंतरच्या मंगळवारीं होते. हा दिवस १८४५ सालीं कायद्यानें ठरला आणि तो शेतकऱ्याच्या सोयीनें ठरला. तोंवर सुगी आटोपलेली असते, बर्फ पडलेलें नसतें, रविवार देवळाचा, सोमवारीं घोडागाडीनें तालुक्याला पोंचावें आणि मंगळवारीं मत द्यावें, असा तो हिशेब होता. आज तोच मंगळवार तेथील रोजंदारीवाल्याला आडवा येतो, कारण तो कामाचा वार आहे. शेतकऱ्याची सोय पाहणारें सरकार त्याला सोयीची तारीख देतें. मजुराची सोय पाहायला कोणी नसलें कीं तीच तारीख मजुराच्या वाटेंतला धोंडा होते.

फार लांब कशाला, आपल्याच देशांत बिहारांत पाहा. तेथील मजूर पंजाब, दिल्ली, मुंबई, सुरतेकडे जातात आणि छठपूजेला गांवीं येतात. २०२५ सालीं पक्षांनीं मागणी केली, कीं छठ झाल्याबरोबर मतदान ठेवा, म्हणजे माणसें मत देऊनच परततील. छठ २८ ऑक्टोबरला संपली आणि मतदान ६ व ११ नोव्हेंबरला झालें. सुमारें ६७ टक्के लोकांनीं मत दिलें. एवढें मतदान बिहारांत पूर्वीं झालें नव्हतें. (यादीच आखूड केली म्हणजे टक्का आपोआप चढतो, हेंही लक्षांत ठेवावें. त्या यादीबद्दल पुढें लिहितों.) बिहारच्या मजुरासाठीं सणाचा हिशेब करतां येतो, तर मराठवाड्याच्या तोडकऱ्यासाठीं भाऊबिजेचा कां करतां येऊं नये?

कोणी म्हणेल, एका दिवसाचें काम आहे, यावें मत देऊन. ठीक, हिशेब करूं. कोल्हापुराकडच्या फडापासून बीडकडचें गांव तीनशें किलोमीटरांहून लांब. जायला एक रात्र, मताचा दिवस, परत यायला एक रात्र. दमलेला माणूस तिसऱ्या दिवशीं फडांत उभा राहतो. दोन दिवसांची तोड बुडाली. शिवाय खाडा. काम चुकलें कीं मुकादम खाडा लावतो, कोठें पांचशें, कोठें हजार. आणि तो उचलींत चढतो. त्यावर दोघांचें जाण्यायेण्याचें भाडें. जानेवारी २०२४ मध्यें तोडणीच्या दरांत ३४ टक्के वाढ ठरली, ती बऱ्याच झगड्यानंतर मिळाली. तरीही एका मताच्या पायीं कोयत्याचे दोन-तीन हजार रुपये जातात. आमच्या वाचकांपैकीं कोणीं आपलें मत कधीं दोन हजारांना विकत घेतलें आहे काय? तोडकऱ्याला तें घ्यावें लागतें.

कायदा मात्र पुस्तकांत मोठा दयाळू आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यांतील कलम १३५-ब प्रमाणें मतदानाच्या दिवशीं कामगाराला भरपगारी सुट्टी द्यावी, रोजंदारीवाल्यालाही त्या दिवसाची मजुरी द्यावी. जो धनी देणार नाहीं त्याला दंड. किती? पांचशें रुपयांपर्यंत! मुकादमाचा एक दिवसाचा खाडा आणि कायदा मोडणाऱ्या धन्याचा दंड एकाच मापाचे. आणि त्याच कलमाच्या शेपटांत लिहिलें आहे, कीं ज्याच्या गैरहजेरीनें धोका किंवा मोठें नुकसान होईल त्याला ही सवलत नाहीं. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटतें, गाळप थांबतें, हें कारखान्यानें म्हणायचाच अवकाश. शिवाय सुट्टी एका दिवसाची. जाण्यायेण्याचे दिवस कोणाच्या हिशेबांत?

गाड्यांची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. उमेदवारानें मतदारांना फुकट वाहनानें केंद्रावर नेणें हें कलम १२३ प्रमाणें भ्रष्ट आचरण. चांगला कायदा आहे, कारण जो गाडी धाडतो तो मतावर हक्क सांगतो. पण उमेदवारानें नेऊं नये आणि सरकारनेंही नेऊं नये, तर तोडकऱ्यानें यावें कसें? होतें काय, तर ग्रामपंचायतीच्या निवडणुकींत, जेथें पांच-दहा मतांवर सरपंच ठरतो, तेथें जीपगाड्या अंधारांतून फडापर्यंत जातात आणि माणसें भरून आणतात. येतांना जेवण, जातांना हातावर कांहीं. मग तेच खुर्चीवाले म्हणतात, पाहा, गरीब मत विकतो! अहो, गाडीच्या टपावर बसून रात्रभर थंडींत काकडत आलेल्या माणसानें मत विकलें, कीं त्याला मताजवळ पोंचायला दुसरी वाटच ठेवली नव्हती? बाटली घेणारे आमच्यांत आहेत, तें आम्ही झांकीत नाहीं. त्यांना आम्हीं याच पानांतून कमी शिव्या घातल्या नाहींत. पण बाटलीवाला निदान केंद्रावर असतो. आज आम्ही बोलतों तें जो केंद्रावरच नाहीं त्याच्याविषयीं.

दूर असलेल्याचें मत घेतां येत नाहीं असेंही नाहीं. सैन्यांतील शिपाई टपालानें मत देतो. निवडणुकीच्या कामावरचा नोकर टपालानें देतो. आम्ही मास्तर मंडळीही तसेंच देतों. पंचाऐंशी वर्षांवरच्या वृद्धांकडे पथक घरीं जाऊन मत घेतें. काश्मिरांतून बाहेर पडावें लागलेल्या लोकांसाठीं जम्मू आणि दिल्लींत खास केंद्रें उघडलीं. हें सर्व योग्यच झालें. डिसेंबर २०२२ मध्यें आयोगानें परगांवच्या मजुरांसाठीं एक यंत्र तयार केल्याचें जाहीर केलें, त्यांत बहात्तर मतदारसंघांचीं मतें एका जागीं घेतां यावयाचीं होतीं. जानेवारी २०२३ मध्यें पक्षांना तें दाखविण्यास बोलावलें, तेथें अनेक पक्षांनीं शंका काढल्या, आणि पुढें २०२४ ची लोकसभा व विधानसभा दोन्ही त्या यंत्रावांचूनच झाल्या. शंका खोट्या होत्या असें आम्ही म्हणत नाहीं. पण शंका फेडण्याचें काम कोणाकडे होतें, आणि तें कोणाच्या घाईचें नव्हतें, हें दिसण्यासारखें आहे.

आतां यादीकडे येतों, आणि येथें आम्हांस स्वतःचें एक पाप सांगावयाचें आहे. पुष्कळ गांवांत मतदारयादीचें घरोघरचें काम शाळामास्तराच्या गळ्यांत असतें, आमच्याही आहे. एका हिंवाळ्यांत आम्ही यादी घेऊन वस्तीवर हिंडत होतों. एका घराला कुलूप. शेजाऱ्यांनीं सांगितलें, तोडीला गेलींत. वरच्या साहेबांचा तोंडी हुकूम होता, कीं कुलूप असेल तर ‘स्थलांतरित’ लिहून मोकळें व्हा, काम तुंबवूं नका. आम्हीं लिहिलें. त्या घरचा पोरगा मावशीकडे राहून आमच्याच वर्गांत, तिसऱ्या रांगेंत बसत होता. त्याचे आई-बाप कोठें आहेत आणि केव्हां येतील हें आम्हांस आपल्या घरच्याइतकें ठाऊक होतें. तरी लिहिलें.

उन्हाळ्यांतल्या लोकसभेला तीं दोघें वीटभट्टीवर होतीं, म्हणून तेव्हां कांहीं उमगलें नाहीं. २० नोव्हेंबर २०२४ ला आम्ही केंद्राबाहेर यादी घेऊन बसलों होतों. दुपारीं ती बाई आली. रात्रभर एस्टीनें आली होती. नवरा फडांतच राहिला, कारण दोघें आलीं असतीं तर पुरा खाडा पडला असता. लेकराचें तोंड पाहणें होईल आणि मतही होईल, म्हणून ती आली होती. पदराच्या गांठींतून तिनें कार्ड काढलें. आम्हीं यादी वरून खालीं पाहिली, खालून वर पाहिली. नांव नव्हतें. ती म्हणाली, “गुरुजी, म्या मेले व्हय? जित्ती हाय की तुमच्याम्होरं.” आमच्यानें कांहीं बोलवलें नाहीं. हातांतलें कार्ड खरें, उभी असलेली बाई खरी, बोटावर शाई लावायला काढलेला हात खरा. खोटें होतें तें आमच्या अक्षरांतलें एक शब्दाचें टिपण. दुसऱ्या दिवशीं आम्हीं सहा नंबरचा अर्ज भरून दोघांचीं नांवें पुन्हां घातलीं. पण तें मत गेलें तें गेलें. आणि आंकड्यांत तर ती ‘मत न दिलेली’ म्हणूनही धरली गेली नाहीं, कारण ती यादींतच नव्हती!

मागाहून आम्हीं कायदा उघडून वाचला. आधीं वाचायला हवा होता. १९५० च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यांत कलम २० मध्यें स्पष्ट आहे, कीं तात्पुरता बाहेर गेल्यानें कोणाचा रहिवास मोडत नाहीं. त्याच्याच खालीं आमदार-खासदारांसाठीं निराळें पोटकलम आहे, कीं ते आपल्या कामानिमित्त मतदारसंघाबाहेर राहिले तरी त्यांचें नांव हलत नाहीं. आमदार पांच वर्षें मुंबईंत राहिला तर त्याच्या बंद दारावर ‘स्थलांतरित’ लिहिण्याची छाती कोणत्या मास्तराला होईल? तोडकऱ्याच्या दारावर मात्र आम्हीं उभ्या उभ्या लिहिलें. कायदा दोघांसाठीं सारखा होता. आमचा हात सारखा नव्हता.

आणि हें एका वस्तीचें नाहीं. बिहारांत जून २०२५ मध्यें यादीची कसून फेरतपासणी सुरू झाली. १ ऑगस्टला कच्ची यादी निघाली तेव्हां सुमारें ६५ लाख नांवें गळलेलीं होतीं. त्यांत मेलेले सुमारें २२ लाख, दोनदां नोंदलेले सुमारें ७ लाख, आणि कायमचे गेलेले किंवा सांपडले नाहींत असे म्हणून सुमारें ३६ लाख. मेलेल्यांचीं नांवें काढावींच, दुबारही काढावीं. पण ‘सांपडला नाहीं’ म्हणजे काय? पावसाळ्यांत पंजाबांत भात लावीत असलेला मजूर बिहारांतल्या घरीं कसा सांपडेल? सर्वोच्च न्यायालयानें १४ ऑगस्टला हुकूम केला, कीं गळलेलीं नांवें कारणांसह लोकांपुढें ठेवा. पुढें आधार कार्डही पुराव्यांत धरा असें सांगितलें. शेवटची यादी ३० सप्टेंबरला निघाली, ती जुन्याहून सत्तेचाळीस लाखांनीं लहान होती. तिच्यांतून कोण खरा गेला आणि कोण फक्त कुलुपापायीं गेला, हें त्या त्या गांवच्या मास्तरालाच ठाऊक.

पारधी, वैदू, डवरी गोसावी, मदारी यांची गोष्ट याहून कठीण. तोडकऱ्याला निदान कुलूप लावायला दार असतें. यांच्या पालाला दारही नाहीं. १८७१ च्या कायद्यानें अशा कित्येक जातींच्या माथीं जन्मानें गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा देशभरांत ३१ ऑगस्ट १९५२ ला सुटला, पण गांवच्या नजरेंतला शिक्का कोणत्या तारखेला सुटेल? पाल पडलें कीं पाटील-पोलीस हुसकावतात, आणि नांव घालायला गेलें कीं कारकून विचारतो, राहण्याचा पुरावा काय? वास्तविक आयोगाचा नियम असा आहे, कीं ज्याला घर नाहीं तो जेथें निजतो तेथें अधिकाऱ्यानें रात्रीं जाऊन खात्री करावी. कागद मागूं नये. हा नियम दहा कारकुनांपैकीं किती जणांनीं वाचला असेल? रात्रीं पालावर जातो तो कंदील घेतलेला मास्तर नसून दांडका घेतलेला शिपाई असतो.

मुसलमान पिंजारी, आत्तार, बागवान यांच्या घरीं अडचण आणखी वेगळी. नांव एका कागदावर एका तऱ्हेनें, दुसऱ्यावर दुसऱ्या तऱ्हेनें. चूक करतो लिहिणारा आणि संशयाला उत्तर द्यावें लागतें नांववाल्याला. हिंदु घरांतही सुनेचें माहेरचें नांव एका यादींत आणि सासरचें दुसरींत असतें, पण तिला कोणी ‘तूं कोठली?’ म्हणून विचारीत नाहीं. बायकांचीं नांवें तर पहिल्यापासूनच हरवत आलीं आहेत. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या वेळीं देशांत सुमारें २८ लाख बायकांचीं नांवें यादींतून वगळावीं लागलीं, कारण त्यांनीं आपलें नांव न सांगतां अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेंच सांगितलें होतें. बहुतेक त्या उत्तरेकडच्या होत्या.

जुन्या लोकांना आठवण द्यावी लागेल, कीं हें मत आम्हांला सहज मिळालेलें नाहीं. १९१९ च्या सुधारणांत शेतसाऱ्याची ठराविक रक्कम भरणाराला किंवा तशाच ऐपतीच्या माणसाला मत होतें. ज्याच्या नांवावर सारा नाहीं तो शेतमजूर, तो गांवगाड्याचा बलुतेदार बाहेर. त्याच सालीं साउथबरो कमिटीपुढें डॉ. आंबेडकरांनीं आणि महर्षि शिंद्यांनीं अस्पृश्यांच्या मताधिकारासाठीं साक्षी दिल्या. १९२८ सालीं सायमन कमिशनपुढें बाबासाहेबांनीं सर्व प्रौढांना मत मागितलें. तें घटनेच्या ३२६ व्या कलमानें आलें. सारा गेला, शिक्षणाची अट गेली, जात गेली. एक पत्ता तेवढा राहिला, आणि ज्याला पत्ता नाहीं त्याच्यापुढें तोच आतां साऱ्यासारखा उभा आहे.

आतां आमच्याच माणसांशीं दोन शब्द. पुष्कळ जण म्हणतात, “मत दिलं तरी कोयता सुटतो व्हय? निवडून कोणी बी येवो, उचल मुकादमाचीच.” हें बोलणें रागाचें आहे आणि राग खोटा नाहीं. ज्याचा कारखाना तोच आमदार, त्याचाच मुकादम, त्याचीच पतपेढी, अशीं घरें आम्ही पाहतों. पण जरा उलट बाजूनें पाहा. तोडणीच्या दराची बोलणी होतात, मुलांच्या हंगामी वसतिगृहांचा प्रश्न निघतो, फडांतल्या बायकांच्या दवाखान्याची गोष्ट निघते, तेव्हां समोरचा पुढारी मनांत काय मोजतो? हे मतदानाच्या दिवशीं येथें असतात कीं नाहीं, एवढेंच मोजतो. जो त्या दिवशीं तीनशें किलोमीटरांवर आहे त्याचें गाऱ्हाणें ऐकायला तोही तेवढ्याच अंतरावर असतो. तुमच्या गैरहजेरीची त्याला सोय झाली आहे, म्हणून तर तारखेबद्दल कोणी हूं कीं चूं करीत नाहीं.

म्हणून आमचें मागणें असें. विधानसभेचें मतदान भाऊबिजेच्या आंत व्हावें. तें जमत नसेल तर ज्या तालुक्यांतून टोळ्या जातात तेथें कारखान्यांपासून सरकारी एस्टी सोडाव्या, कोणाही उमेदवाराच्या नव्हेत. आणि त्या दिवसांचा खाडा लावणाऱ्या मुकादमाला पांचशें रुपयांनीं नव्हे तर झोंबेल अशा दंडानें बांधावें. हंगामाच्या काळांत कुलूप पाहून कोणाचेंही नांव काढूं नये. कारखान्याजवळ टपालानें किंवा खास केंद्रावर मत घेण्याची तजवीज शिपायासाठीं होते तशी तोडकऱ्यासाठींही व्हावी. पण तेथें मुकादम शंभर हात दूर असला पाहिजे, नाहींतर कोयत्याबरोबर मतही त्याच्याच वहींत चढेल. सोबतच्या मास्तर बंधूंना विनंति, कीं हुकूम तोंडी असेल तर तो लेखी मागा. लेखी बहुधा मिळत नाहीं. मग हात आवरायला सबब होते.

आणि टोळ्यांतल्या भावा-बहिणींनीं कार्ड मुकादमाकडे गहाण ठेवूं नये, मग तो उचलीची कितीही भीति घालो. जातांना आपला मोबाइल नंबर शाळेंत लिहून द्यावा. आमच्या गांवीं आम्ही यंदां पाडव्याच्या संध्याकाळीं शाळेंत सगळी यादी मोठ्यानें वाचून दाखविणार आहों, नांव नसेल त्याचा अर्ज तेथेंच भरून घेऊं. ज्यांची बांधाबांध चालू असेल त्यांनीं रात्रीं उशिरां आलें तरी चालेल. दिवा विझविणार नाहीं.